अक्काला अकरा हवं होतं

प्रमिलाअक्का आमच्या डायलिसिस विभागात पहिल्यांदा आली ती जिन्याने. विभाग तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट चालू होती, खाली व्हीलचेअरही होती. पण ती कठडा धरून, प्रत्येक वळणावर थांबत, धापा टाकत वर चढली. दारात उभी राहिली तेव्हा ओठ पांढरे पडले होते आणि अंगावर एसटी कंडक्टरचा खाकी गणवेश होता. अमळनेर-जळगाव गाडीवरची ड्यूटी संपवून ती स्टँडवरून थेट इकडे आली होती.

"बसा," मी म्हणाले.

"बसवत नाही हो शिष्टर. कुठं जायचं ते सांगा."

मी त्या विभागात पंधरा वर्षं नर्स आहे. कितीतरी पेशंट आले, गेले. बरेचसे मला त्यांच्या खाटेच्या नंबरावरून आठवतात, हे सांगायला लाज वाटते पण खरं आहे. अक्का मात्र अख्खी आठवते, तिच्या चालण्यासकट.

तिचं वय तेव्हा सत्तेचाळीस. नवरा लवकर गेलेला, मुलगी लग्न होऊन नाशिकला. अमळनेरला एक खोली करून एकटी राहायची. माहेर धुळ्याचं. बीपीचा त्रास जुना होता, गोळ्या घ्यायची तर घ्यायची, नाही तर राहून जायचं. असं करता करता दोन्ही किडन्या बसल्या. आणि किडनीबरोबर रक्तही गेलं. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक चार. एवढ्या रक्तावर ती भरलेल्या गाडीत पुढून मागे, मागून पुढे तिकिटं फाडत होती.

डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. किडनी फक्त लघवी करत नाही. हाडांच्या आतल्या मगजाला रक्त तयार करायचा निरोपही तीच पाठवते. किडनी बसली की निरोप थांबतो, आणि रक्त बनणं मंदावतं. तो निरोप मग इंजेक्शनातून द्यावा लागतो. सोबत शिरेतून लोह.

अक्काने मान डोलावली. "म्हणजे डेपोतून ऑर्डरच नाही, मग गाडी सुटणार कशी. लोह म्हणजे डिझेल."

"तसंच समजा."

"किती दिवसांत सुटेल?"

"दिवस नाही. महिने म्हणा. दोन, तीन."

"आणि रक्ताची बाटली लावली तर?"

"तर उद्याच बरं वाटेल," डॉक्टर म्हणाले. "पण तुमचा भाऊ किडनी द्यायला तयार आहे म्हणताय ना? दुसऱ्याचं रक्त घेतलं की तुमचं शरीर परक्या पेशींविरुद्ध शस्त्रं तयार करून ठेवतं. मग उद्या भावाची किडनी आली तर तिलाही ते शत्रू समजू शकतं. जिवावर बेतलं तर बाटली लावूच. पण धकत असेल तर टाळू या."

अक्का खिडकीपाशी गेली, परत आली. "नको बाटली. मन्हा भाऊ शे. त्याची किडनी वाया नको जायला."

एवढं बोलून तिने माझ्याकडे पाहिलं. "अकरा झालं की ऑपरेशन, असंच ना? मग लावा इंजेक्शन."

साडेदहा-अकराच्या आसपास हिमोग्लोबिन आलं, बीपी ताब्यात राहिलं, की मोठ्या शहरातल्या रुग्णालयात पुढच्या तपासण्यांना पाठवू, असं डॉक्टर म्हणाले होते. अक्काच्या डोक्यात त्यातला अकराच तेवढा राहिला.

सोमवार आणि गुरुवार हे तिचे दिवस. अमळनेरहून सकाळच्या गाडीने यायची. सगळे कंडक्टर ओळखीचे, जागा राखून ठेवायचे. ही धरणगाव येईपर्यंत उभी. चार तास मशीनला बांधून झोपणं तिला मशीनपेक्षा जड जायचं. हात सुईत अडकलेला, म्हणून पाय हलवायची. पाय हलवणं नुसतं स्वभावातलं नव्हतं. पिंढऱ्यांतून मुंग्या चालल्यासारखं होतं, पाय ताणल्याशिवाय राहवत नाही, असं ती सांगायची. किडनीच्या पेशंटना, त्यातून लोह कमी असलेल्यांना, हे होतं. चादरीखाली तिचे पाय सतत चालत असायचे. शेजारच्या खाटेवरचे मोतीलालशेठ म्हणायचे, "अक्का, अमळनेर आलं का?"

"धरणगावच आलंय शेठजी. बसा निवांत."

ती पेशंट म्हणून आली आणि महिन्याभरात विभागाची कंडक्टर झाली. कोण आलं नाही, कोणाची सोय कुठल्या खाटेवर, कोणाचा नातेवाईक खाली जेवायला गेलाय, सगळं तिला ठाऊक. नवा पेशंट आला की कुठलं गाव विचारायच्या आधी विचारायची, "हिमोग्लोबिन कितलं शे?" समोरच्याने आठ सांगितलं की, "बरंय, बसायला जागा मिळाली म्हणा." सहा सांगितलं की, "असू द्या, मीही तिथूनच चढले."

मोतीलालशेठांची गोष्ट सांगायलाच हवी. मारवाडी जैन कुटुंब, शहरात किराण्याचं जुनं दुकान, त्यालाच जोडून आइस्क्रीमचं पार्लर. शेठ सत्तरीचे, शांत. रक्तवाढीचं इंजेक्शन आठवड्याला घरीच घ्यायचे. कंपाउंडर येऊन देऊन जायचा. चार महिने झाले, हिमोग्लोबिन सातच्या वर सरकेना. डॉक्टरांनी लोह तपासलं, ठीक. कुठे रक्तस्राव होतोय का पाहिलं, नाही. डोस वाढवला, तरी सातच.

एका गुरुवारी मशीनवरून सुटल्यावर अक्का म्हणाली, "शेठजी, तुमच्या घरी चहा प्यायचाय."

मलाही घेऊन गेली. माझी ड्यूटी संपली होती आणि शेठांचं घर मेहरूणच्या माझ्या रस्त्यावरच होतं. दारात चपला काढून अक्का तडक स्वयंपाकघरात. सूनबाई गोंधळली.

"इंजेक्शन कुठं ठेवता, ताई?"

सूनबाईने मोठ्या अभिमानाने सांगितलं, "घरच्या फ्रिजचा भरवसा नाही, लाइट जाते. म्हणून पार्लरच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवतो. जनरेटर आहे तिथे. एकदम कडक राहतं. द्यायच्या आधी अर्धा तास बाहेर काढलं की वितळतं."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले. ते औषध गार ठेवायचं असतं, गोठवायचं नसतं. एकदा बर्फ झालं की त्यात काही उरत नाही. आम्ही शेठांना दहा वेळा सांगितलं होतं, 'थंड ठेवा.' किती थंड, हे एकदाही नीट सांगितलं नव्हतं. चार महिने तो गृहस्थ टोचून घेत होता आणि अंगात नुसतं पाणी जात होतं.

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. अक्का तिला म्हणाली, "तुम्ही माया केली, ताई. जरा जास्तच गार केली." मग फ्रिजचं दार उघडून मधल्या फळीवर, भाजीच्या वरच्या बाजूला, बोटाने जागा दाखवली. दाराच्या कप्प्यात नको, मागच्या भिंतीला टेकवून नको. चहा न पिताच उठली. तिची साडेपाचची गाडी होती.

तीन महिन्यांत शेठ नऊवर आले. आता त्यांच्यासारख्या काही पेशंटना इंजेक्शनाऐवजी गोळ्याही सुरू झाल्यात, फ्रिजची कटकटच नाही. पण शेठ अजून त्या दिवसाची गोष्ट भेटेल त्याला सांगतात.

दुसऱ्याचं चुकलेलं असं हेरणारी ही बाई. म्हणून तिचं स्वतःचं चुकलं तेव्हा ते माझ्या लक्षात यायला उशीर झाला.

तिचा भाऊ सुखदेव, तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. सुरतेला कापडाच्या गिरणीत मशीन दुरुस्तीचं काम करायचा. आई लवकर गेल्याने अक्कानेच त्याला वाढवलं होतं. रक्तगट जुळत होता. 'मी देतो' असं तो फोनवर एका दमात म्हणाला होता. पण दिवाळीला तो बायको-पोरांसह धुळ्याला आला, अक्का तिथे जाऊन आली आणि तिचा नूर बदलला.

"तो हो म्हणतोय," ती मला म्हणाली. मी तिच्या हाताला सुई लावत होते. "त्याची बायको गप्प बसली, शिष्टर. भांडली असती तर बरं वाटलं असतं. नुसती भाकरी थापत राहिली."

"घाबरली असेल."

"मग घाबरलेलं माणूस किती दिवस थांबेल? दोन पोरं आहेत त्यांना. रोज रात्री तेच बोलत असतील दोघं." चादरीखाली पाय चालूच. "माझं आज किती?"

"नऊ पूर्णांक एक."

"एका महिन्यात फक्त अर्धा?"

"अर्धा चांगला आहे, अक्का. हळूहळूच वाढायला हवं."

तिने तोंड भिंतीकडे केलं. तिचं ते तोंड फिरवणं मला खटकायला हवं होतं.

पुढच्या महिन्याच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन बारा पूर्णांक सहा आलं. मी आकडा दोनदा पाहिला. बीपीही दोन आठवडे चढं होतं. मी डॉक्टरांना सांगितलं होतं, त्यांनी गोळी वाढवली होती. आता आमचं इंजेक्शनही त्यांनी तात्पुरतं थांबवलं. मी अक्काला विचारलं, "बाहेर काही घेता का?"

"बीटाचा रस."

मी चिडले. किडनीच्या पेशंटला बीट म्हणजे पोटॅशियम, पोटॅशियम म्हणजे हृदयाला धोका, हे मी तिला पाच मिनिटं बजावलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. कधी कोणाचं खाली मानेने न ऐकणारी बाई. बीट पिऊन महिन्यात साडेतीनने हिमोग्लोबिन वाढत नाही, हे मला पंधरा वर्षांच्या नोकरीत कळायला हवं होतं. पण मला रागवायला काहीतरी मिळालं होतं, आणि मी त्यातच समाधान मानलं.

पुढचा सोमवार. अक्का आली ती डोकं धरूनच. "उन्हानं असेल," म्हणाली. हिवाळ्याचे दिवस होते. तिला मशीनला जोडलं, थोड्या वेळाने बीपी मोजलं तर दोनशे दहा. मी डॉक्टरांना फोन लावत होते तेवढ्यात तिने विचारलं, "लाइट गेली का, शिष्टर?"

लाइट गेली नव्हती. सकाळचे साडेदहा वाजले होते, तिच्या तोंडावर खिडकीचं ऊन पडलं होतं.

आणि मग तिला झटका आला. हातपाय वाकडे, डोळे फिरलेले, खाट हादरत होती. मशीनवरचं रक्त तिच्या अंगात परत सोडणं, सुई निघू न देणं, कुशीवर वळवणं, औषध टोचणं, हे सगळं आम्ही चौघांनी मिळून केलं. पाच-सात मिनिटं असतील. मोतीलालशेठ शेजारच्या खाटेवरून हात जोडून बसले होते.

तिला अतिदक्षता विभागात हलवलं. शुद्ध आली, बोलू लागली, पण दिसेना. बीपी एकदम चढून मेंदूला सूज आली होती. डॉक्टर म्हणाले, बहुतेक परत दिसेल, पण दोन-तीन दिवस लागतील. आणखी एक झालं. तिच्या डाव्या हातात डायलिसिससाठी शिरा जोडून ठेवल्या होत्या; तिथे हात ठेवला की मांजराच्या गुरगुरण्यासारखी थरथर लागायची. मी हात ठेवला तर काहीच लागेना. कान लावला, आवाज नाही. रक्त दाट होऊन तिथे गुठळी झाली होती. डायलिसिससाठी तो हात गेला.

दुपारी मी तिच्याजवळ बसले. पावलांवरून तिने मला ओळखलं.

"बीटाचा रस नव्हता, शिष्टर."

"मग?"

"धुळ्याला एक कंपाउंडर आहे ओळखीचा. तुम्ही सोमवारी एक इंजेक्शन द्यायचात, मी शनिवारी त्याच्याकडून एक घ्यायची. कधी दोन." तिचे डोळे उघडे होते पण माझ्या कानाच्या मागे कुठेतरी पाहत होते. "त्याचं नाव विचारू नका. मीच त्याच्या मागं लागले. तुमचीच परवानगी आहे म्हणून सांगितलं त्याला."

मी म्हणाले, "मी तेव्हाच नीट विचारायला हवं होतं."

"विचारलं असतं तर दुसरं काही सांगितलं असतं."

डॉक्टर आले. ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "रक्त कमी असणं वाईट, प्रमिलाताई. पण या औषधाने ते फार झपाट्याने, फार वर नेणं त्याहून वाईट. आता काही आठवडे इंजेक्शन बंद. ऑपरेशन तीन महिने तरी पुढे गेलं."

तीन महिने ऐकल्यावर तिचा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही.

संध्याकाळी सुखदेव आला. सुरत-भुसावळ गाडीने, कामावरच्या कपड्यांतच. बरोबर बायकोही होती, सविता. मी त्यांना दाराशी थोपवून घडलेलं सगळं सांगितलं. का घडलं तेही सांगितलं. अक्काने सांगू नका म्हटलं नव्हतं. सुखदेव ऐकत राहिला. सविताने पदर तोंडाशी धरला.

आत गेल्यावर तो खाटेजवळ नुसता उभा राहिला. अक्काने मान वळवली.

"कोण शे?"

"मी शे, अक्का."

तिने हात पुढे केला, चुकीच्या बाजूला. त्याने तो धरला. मग तो अगदी हळू म्हणाला, "अक्का, मी काय पळी जाणार व्हतू का?"

अक्काचा चेहरा आक्रसत गेला आणि दृष्टी नसलेल्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. ते पुसायला सविता पुढे झाली. पुसता पुसता ती बोलू लागली, आधी अडखळत. तिला भीती वाटत होती, अजून वाटते, तिने डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीच्या कागदावर लिहून आणलेत, पण ती नाही म्हणायला आली नाही. दिवाळीत बोलली असती, पण काय बोलावं तेच कळेना म्हणून भाकरी थापत राहिली.

"माले सांगानं ना," अक्का म्हणाली.

"तुम्ही एका जागी थांबता कुठं, अक्का," सविता म्हणाली. "सांगायला आले तर तुम्ही स्टँडवर."

तिसऱ्या दिवशी अक्काला दिसू लागलं. आधी खिडकी दिसली, मग खिडकीतला माणूस. मानेत नळी घालून डायलिसिस सुरू झालं. ते तीन महिने तिने कसे काढले हे तिलाच ठाऊक. येरझाऱ्या कमी झाल्या नाहीत. पण मी इंजेक्शन काढलं की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहायची, जणू तिलाच तिच्या हातांचा भरवसा नव्हता. हिमोग्लोबिन उतरलं, थांबलं, मग मापात दिलेल्या डोसावर साडेदहाच्या आसपास स्थिरावलं. ती आकडा विचारायची, ऐकायची आणि पुढचं बोलायची.

सविताने तिचा कागद डॉक्टरांपुढे उलगडला होता. प्रश्न चौदा होते. डॉक्टरांनी चौदाचीही उत्तरं दिली.

ऑपरेशन झालं. भावाची किडनी बहिणीच्या अंगात टेबलावरच चालू झाली, असं अक्काच्या मुलीने फोनवर सांगितलं. दीड महिन्याने अक्काचा स्वतःचा फोन आला. मागे गाड्यांचा आवाज होता, कुठेतरी रस्त्याकडेला उभी असावी. "शिष्टर, ना इंजेक्शन ना गोळी. आपोआप वाढतंय. सुखदेवची किडनी निरोप पाठवतेय." तेवढ्यात कोणाला तरी 'आले, आले' म्हणाली आणि फोन बंद झाला.

आमच्या कामात एक विचित्र गोष्ट आहे. किडनी बदलून बरा झालेला पेशंट आमच्याकडे परत येत नाही. त्याला यायचं कारणच नसतं. जे दगावतात तेही येत नाहीत. खाट रिकामी होते ती दोन्हीकडे सारखीच दिसते. अक्काच्या खाटेवर आठवड्यात भडगावचा एक शिक्षक आला. मी तिला फोन करायचं म्हणत राहिले आणि वर्ष गेलं.

मागच्या मार्गशीर्षात भाचीच्या साखरपुड्याला धुळ्याला गेले होते. परतताना दुपारी स्टँडवर जळगाव गाडीत खिडकीशी बसले होते. गाडी सुटायच्या बेतात होती, कंडक्टर दार ओढत होता. तेवढ्यात पलीकडच्या फलाटावर अक्का दिसली. तोंडाला मास्क, औषधांनी चेहरा गोल झालेला, पण चाल तीच, पुढे झुकलेली. बरोबर सुखदेव होता. दोघांमध्ये जमिनीवर कापडी पिशवी होती, भरताच्या वांग्यांनी तोंडापर्यंत भरलेली, देठं वर आलेली.

दोघं भांडत होते. काय बोलतायत ते ऐकू येत नव्हतं, पण हातवाऱ्यांवरून सगळं कळत होतं. पिशवी उचलायला तो वाकला की ती त्याच्या पोटाकडे बोट दाखवून त्याला मागे सारायची. ती वाकली की तो तेच करायचा. आजूबाजूची माणसं वळसा घालून जात होती. मी खिडकीची काच सरकवायला गेले. ती घट्ट बसली होती. आमची गाडी मागे जाऊ लागली. मी काचेवर थाप मारली, पण स्टँडच्या कलकलाटात ती कुठे पोहोचणार.

गाडी वळली तेव्हा शेवटचं दिसलं ते एवढंच. पिशवीचा एक बंद त्याने धरला होता, दुसरा तिने, आणि दोघं एकमेकांकडे न बघता, तावातावाने बोलत, साक्रीच्या गाडीकडे निघाले होते.